प्रस्तावना : इतिवृत्ताची वही

भोकरला बसून जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीविषयी का लिहायचे, असा प्रश्न वाचकाला पडेल. भोकर नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, तेलंगणाच्या वेशीवर. बाजारात मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते. जालना इथून नंदीग्राम एक्स्प्रेसच्या वाटेवर असले, तरी पार मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला. पण या दोन गावांच्या मधे एक जुनी, नकाशावर न दिसणारी सीमा आहे आणि ती ओलांडल्याशिवाय मराठवाड्यातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास उलगडत नाही.

एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या मिशनांनी मुलूख आपसात वाटून घेतले होते. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने जायचे नाही, असा तो समजुतीचा करार. निजामाच्या राज्यात मेदक-निजामाबादकडे इंग्लंडहून आलेले वेस्लियन मेथडिस्ट होते, बिदरहून उदगीर-लातूरकडे सरकणारे अमेरिकन मेथडिस्ट होते, औरंगाबादेत इंग्लंडच्या चर्चची चर्च मिशनरी सोसायटी होती आणि जालन्यात स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन. पलीकडे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन. नांदेड-भोकरचा पट्टा या सगळ्यांच्या कडेला राहिला. त्यामुळे गोदावरीच्या खोऱ्यातला ख्रिस्ती माणूस कोणत्या पद्धतीने उपासना करतो, त्याच्या मंडळीचा कारभार पाळक पाहतो की पंच, वर बिशप आहे की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या आजोबा-पणजोबांचे गाव या वाटणीत कुणाच्या वाट्याला आले होते, यावर ठरले. मराठवाड्यात प्रेस्बिटेरियन पद्धतीची मुळे शोधायची, तर जालन्याला जाण्यावाचून गत्यंतर नाही.

आता ही पद्धत म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे; कारण या पुस्तकाचा सगळा भार तिच्यावर आहे.

प्रेस्बिटेरियन मंडळीत बिशप नसतो. उपदेश करणारा पाळक असतो, पण कारभार त्याच्या एकट्याच्या हाती नसतो. मंडळीतील सभासद आपल्यातूनच काही वडीलजनांची निवड करतात. आपल्याकडे त्यांना पंचही म्हणतात. पाळक आणि पंच मिळून जी सभा होते, ती सेशन. आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि पंच एकत्र बसतात ती प्रेस्बिटरी, तिच्या वर सिनड आणि सर्वांत वर जनरल असेंब्ली. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या उतरंडीवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही रचना चटकन कळेल. फरक एवढाच की, आपली त्रिस्तरीय पंचायत १९६२ साली सुरू झाली आणि ही रचना स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्सच्या काळापासून, म्हणजे १५६० च्या धर्मसुधारणेपासून घडत आली. पाळक आणि पंच यांचे मत सभेत सारख्याच मोलाचे मानले जाते, हा या पद्धतीचा गाभा.

मंडळीच्या निवडीच्या हक्कावरूनच १८४३ साली स्कॉटलंडचे चर्च फुटले. गावातल्या जमीनदाराला चर्चचा पाळक नेमण्याचा हक्क असे. मंडळीला तो नको असला, तरी तिच्यावर लादता येई. याविरुद्ध १८ मे १८४३ रोजी साडेचारशेहून अधिक पाळक घरदार, पगार आणि चर्चच्या इमारती सोडून बाहेर पडले आणि ‘फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड’ उभे राहिले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्यासह स्कॉटिश मिशनरी याच फ्री चर्चकडे गेले आणि नव्याने उभी राहत असलेली शाळेची इमारत त्यांना जुन्या चर्चच्या हवाली करावी लागली. मालकाने माणूस नेमायचा की माणसांनी आपला माणूस निवडायचा, या वादातून जन्मलेले चर्च पुढे निजामाच्या जहागिरी-वतनांच्या मुलखात आले. या पुस्तकातला पेच इथून सुरू होतो.

त्याच १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. मराठी वाचकाला हे आडनाव वेगळ्या संदर्भात ठाऊक असते. नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनच्या घरात राहायला गेला, वडील कोर्टात गेले, आणि मुलगा अज्ञान असल्याने कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. मग त्याला शुद्ध करून जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईचा ब्राह्मणसमाज दुभंगला. बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. श्रीपती शेषाद्री प्रकरण म्हणून आपल्या प्रबोधनाच्या इतिहासात हे ठळक नोंदले गेले आहे. ज्या भावामुळे ते घडले, त्याचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

नारायण शेषाद्री फ्री चर्चचे दीक्षित पाळक झाले. इंदापूर भागात त्यांनी काम केले आणि १८६० च्या दशकात जालना हे कायमचे कार्यक्षेत्र केले. जालन्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, बाजारपेठ मोठी होती. आसपासच्या गावांतून त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मांग समाजातले लोक. दोर वळणारे, केरसुण्या बांधणारे, लग्नाकार्यात हलगी-सनई वाजवणारे आणि गावाच्या हद्दीत शेवटच्या पायरीवर उभे केलेले. बाप्तिस्मा घेतला की गावकी तुटे, बलुते बंद होई, पाण्याचा प्रश्न येई. या कुटुंबांना उभे राहायला जागा हवी होती. शेषाद्रींनी निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळवली आणि बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. घरे, शाळा, प्रार्थनामंदिर, शेती. बायबलमधल्या याकोबाला वाटेत उशाशी धोंडा घेऊन झोपलेला असताना देवाचे दर्शन झाले, त्या ठिकाणाचे हे नाव.

बेथेलची कीर्ती दूरवर गेली. १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री पागोटे बांधून, देशी पोशाखात बोलायला उभे राहिले, तेव्हा अमेरिकेतल्या श्रोत्यांना ख्रिस्ती झालेला ब्राह्मण हे मोठे नवल वाटले. १८९१ मध्ये परदेशप्रवासात असतानाच जहाजावर त्यांचा अंत झाला. एवढे नाट्यमय आयुष्य असले की इतिहास त्याच्याभोवतीच लिहिला जातो, आणि तसाच तो लिहिला गेला. मिशनच्या अहवालांत बेथेल म्हणजे नारायण शेषाद्री. ज्यांनी तिथली घरे बांधली, विहिरीवर पाणी भरले, रविवारी सतरंजीवर बसून उपासना केली, त्या कुटुंबांची नावे अहवालांत क्वचितच येतात. ती सापडतात बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्यांत, प्रभुभोजनाच्या सभासद यादीत आणि पंचांच्या इतिवृत्तात.

म्हणून या पुस्तकाची वाट मी या वह्यांकडून काढली आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठवाड्यातल्या लहान गावच्या प्रेस्बिटेरियन मंडळीला परदेशी मिशनकडून मिळालेली सर्वांत टिकाऊ गोष्ट शाळा किंवा दवाखाना नव्हे, तर पंचांची सभा आणि तिचे इतिवृत्त लिहिण्याची सवय होय.

हे म्हणणे मोठे वाटेल. पण काळ लक्षात घ्या. निजामाच्या राज्यातल्या सामान्य माणसाने प्रौढ मताधिकाराने पहिल्यांदा मत दिले ते १९५१-५२ च्या निवडणुकीत, हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईनंतर. त्याआधी गावाचा कारभार पाटील-कुलकर्णी आणि देशमुख-देशपांड्यांचा. मांगाने चावडीवर जायचे ते हाळी द्यायला किंवा वेठीला. अशा मुलखात ज्याला गावाने बसायला घोंगडे दिले नसते, तो माणूस नियमानुसार निवडून येतो, पाळकाच्या शेजारी बसतो, ठराव मांडतो, ठरावाला अनुमोदन देतो, आणि दोन्ही नावे वहीत जातात. सही करता येत नसेल तर अंगठा. ही गोष्ट घडली, एवढ्यानेही मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात तिला जागा मिळायला हवी होती.

त्या वह्यांत काय असते, तेही सांगतो. कारण ‘इतिवृत्त’ म्हटले की वाचकाला कंटाळवाणे कागद डोळ्यांसमोर येतात. कुणाला प्रभुभोजनात घ्यायचे आणि कुणाला काही महिने दूर ठेवायचे, याचा निर्णय पंच करत. कारणे ठरलेली : दारू, मारामारी, लहान वयात लावलेले लग्न, आजारपणात देवऋषीकडे जाणे, नात्यातल्या लग्नात जुने विधी करणे. नव्या धर्माच्या माणसाचा जुन्या भावकीशी रोज कसा व्यवहार चाले, हे या शिस्तीच्या नोंदींइतके उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही. मामाच्या घरचे लग्न चुकवायचे कसे? हलगी वाजवणे हा पोटाचा धंदा. ती जत्रेत वाजवली तर मूर्तिपूजेत भाग घेतला असे धरायचे का? एडिनबराला बसून लिहिलेल्या नियमावलीत याची उत्तरे नव्हती. ती पंचांनाच शोधावी लागली. कधी त्यांनी कडक शिक्षा केली, कधी समज देऊन सोडले, कधी विषय पुढच्या सभेवर ढकलला.

दुसरा मोठा विषय पैशाचा. दान, दशांश, घरोघर स्वयंपाकाच्या वेळी बाजूला काढलेले मूठभर धान्य आणि पिकाच्या सणाची आवक. पिकाच्या सणाला ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, कोंबडी वेदीपुढे आणायची आणि उपासना संपल्यावर त्यांचा लिलाव करायचा, ही मराठी मंडळ्यांतली आवडती रीत. बाजारात जे भोपळे कुणी उचलणार नाही, ते मंडळीत चढ्या भावाने जातात. बोली लावणाऱ्याला भोपळा नको असतो, द्यायचे निमित्त हवे असते. आणि लिलावाचा हिशेब पै-पैशासह वहीत उतरतो.

आता या चित्राची दुसरी बाजू. निवडून दिलेले पंच असले, तरी तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे नव्हती. पाळक, उपदेशक, शिक्षक, बायबलबाई यांचा पगार मिशनकडून येई. ज्याच्या हाती पगार, त्याच्या मतापुढे पंच फार बोलू शकत नसत. पंचही पुष्कळदा मिशनचेच नोकर. मंडळीने स्वावलंबी व्हावे, असे सगळेच म्हणत, पण कोरडवाहू शेतीवर आणि मजुरीवर जगणारी मंडळी पाळकाचा पूर्ण पगार कुठून उभा करणार? १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी तर हा प्रश्न अधिकच अवघड केला. मिशनांनी अन्न दिले, अनाथ मुले सांभाळली, आणि त्याबरोबर परावलंबनही वाढले. बेथेलचाही पेच हाच. जमीन दिवाणाकडून आली आणि गाव एका कर्तबगार पाळकाच्या छायेत वसले. जमीनदाराचा वरचष्मा नको म्हणून जन्मलेल्या चर्चने मराठवाड्यात येऊन आश्रयदात्याच्या जमिनीवरच घर बांधले. यात कुणाला दोष देण्याचा हेतू नाही. पण पंचांची सभा आणि मिशनची कचेरी यांतली ओढाताण न सांगता मंडळीचा इतिहास सांगितला, तर तो गौरवग्रंथ होईल, इतिहास होणार नाही.

स्त्रियांचाही प्रश्न इथेच येतो. वहीत पंचांची नावे पुरुषांची. खुद्द चर्च ऑफ स्कॉटलंडने स्त्रियांना वडीलजन होण्याची मुभा दिली ती १९६६ साली आणि पाळकपदाची दीक्षा खुली केली १९६८ साली. पण दारोदार जाऊन बायकांना वाचायला शिकवणारी बायबलबाई, घरोघरच्या प्रार्थनासभा चालवणाऱ्या आणि महिला मंडळ धरून ठेवणाऱ्या बाया, यांच्यावाचून एकही मंडळी दुसऱ्या पिढीपर्यंत पोचली नसती. इतिवृत्त त्यांच्याविषयी मुके आहे. म्हणून या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण वह्यांच्या बाहेर जाऊन, वयस्कर स्त्रियांच्या आठवणींवर उभे केले आहे.

जालना एकटे नव्हते, हेही वाचकाच्या ध्यानात असावे. महाराष्ट्रात प्रेस्बिटेरियनांचे दोन प्रवाह आले. एक स्कॉटिश : १८२३ पासून कोकणात बाणकोट-हर्णै, मग मुंबई आणि पुणे, १८४५ नंतर स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे नागपूर, आणि जालना. दुसरा अमेरिकन : रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि १८७० मध्ये ते काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. त्यातून रत्नागिरी, सांगली, कोडोली, मिरज अशी केंद्रे उभी राहिली. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली उघडलेले रुग्णालय तर साऱ्या दक्षिण महाराष्ट्राचे झाले. मराठी विद्येवरही या प्रवाहांची छाप आहे. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी पुढे पुण्यात फ्री चर्चचे पाळक होते. मराठीचे व्याकरण इंग्रजी वाचकांसाठी लिहिणारे गणपतराव नवलकर फ्री चर्चचेच. ही नावे शहरातली आणि शिकलेल्या घरांतली. जालन्याच्या मंडळीचे वेगळेपण हे की, तिथे ही पद्धत अक्षरओळख नसलेल्या शेतमजुरांच्या हाती गेली. तिची खरी परीक्षा तिथेच होती.

उपासनेचेही मराठीकरण असेच खालून झाले. स्कॉटलंडची संथ स्तोत्रे भाषांतरित होऊन आली, पण ती मंडळीच्या गळ्यात रुळली नाहीत. अहमदनगरकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले, पुढे नारायण वामन टिळकांची भजने आली आणि मिशनांच्या सीमा ओलांडून ती सर्व मराठी मंडळ्यांची झाली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक प्रेस्बिटेरियन नव्हते; अमेरिकन मराठी मिशनशी त्यांचा संबंध. पण ‘उपासना संगीत’ हाती घेणाऱ्याला त्याचे काय? पेटी, तबला, झांजा आल्या, आणि ज्यांच्या घरात हलगी होती, त्यांचा ताल प्रार्थनामंदिरात आपसूक आला. वाटून घेतलेले मुलूख गाण्याने असे एक करून टाकले.

कागदावर ते एक होण्यास अधिक काळ लागला. १९०४ मध्ये भारतातल्या बहुतेक प्रेस्बिटेरियनांचे एक चर्च झाले, १९२४ मध्ये काँग्रिगेशनल पंथीयांसह युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चांच्या विलीनीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मले. त्याबरोबर प्रेस्बिटेरियन मंडळ्यांना बिशप मिळाला, प्रेस्बिटरीच्या जागी डायोसीस आली, पंचांच्या जागी पास्टरेट कमिटी. काही मंडळ्यांनी हे मनापासून स्वीकारले, काहींनी नाइलाजाने, तर कोल्हापूरकडे काहींनी जुन्या चर्चचे नाव सोडलेच नाही. चर्चच्या जमिनी आणि इमारतींचे वाद महाराष्ट्रभर कोर्टात गेले. या वादांत कुणाची बाजू बरोबर, हा या पुस्तकाचा विषय नाही. पण वादी-प्रतिवादी दोघांनाही पुरावा म्हणून शेवटी जुने ठराव आणि जुन्या सभासद याद्याच शोधाव्या लागल्या, एवढे नोंदवून ठेवतो.

आजच्या मंडळीपुढे आणखी एक कागद आहे : जातीचा दाखला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लीम आले नाहीत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरले जाते. त्यामुळे एकाच घरात एका भावाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू मांग’ आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ असे घडू शकते. बाहेर एक नाव आणि मंडळीत दुसरे, अशी दुहेरी ओळख कित्येक कुटुंबे वागवतात. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यामुळे या गोष्टीची चर्चा कुणी मोठ्याने करत नाही. या कारणास्तव या पुस्तकात जिवंत व्यक्तींची नावे कुठेही दिलेली नाहीत, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी कुटुंब ओळखू येईल अशा रीतीने छापलेल्या नाहीत. इतिहासाच्या हौसेपोटी कुणाच्या मुलाची फी-सवलत अडचणीत येऊ नये.

पुस्तकाची मांडणी तीन भागांत आहे. पहिल्या भागात स्कॉटलंड, मुंबई आणि जालना ही वाट आहे. शेषाद्रींचे चरित्र तिथेच येते आणि तिथेच संपते. दुसरा भाग सर्वांत मोठा असून तो पंचांच्या सभेचा आहे : शिस्त, हिशेब, शाळा, लग्ने, दफनभूमी आणि भांडणे. तिसऱ्या भागात १९७० नंतरची मंडळी आहे : रोजगारासाठी पुण्या-मुंबईला गेलेली कुटुंबे, नाताळात गावी परतणारी मुले, रात्री घरोघर फिरणाऱ्या कॅरलच्या टोळ्या, नव्या पेंटेकॉस्टल प्रार्थनागृहांकडे जाणारी तरुण पिढी आणि निम्म्या रिकाम्या बाकांपुढे अर्थसंकल्प मांडणारे कोषाध्यक्ष.

ख्रिस्ती वाचकाला यात श्रद्धेची भाषा कमी आणि ठरावांची भाषा जास्त वाटेल. इतर वाचकाला कदाचित उलट वाटेल. दोघांना एकच सांगणे आहे. सभा बोलावणे, गणपूर्ती मोजणे, मतभेद असतानाही ठराव लिहून त्याखाली सही करणे हे या लोकांच्या श्रद्धेचेच अंग होते. ज्यांच्या शब्दाला गावात किंमत नव्हती, त्यांना आपला शब्द नोंदला जातो आणि पुढच्या सभेत वाचून कायम केला जातो, याचा अनुभव इथे पहिल्यांदा आला.

मराठवाड्यातल्या मंडळ्यांच्या पंचांना आणि पास्टरेट कमिट्यांना एक विनंती करून थांबतो. जुन्या वह्या रद्दीत घालू नका आणि एका घरातही ठेवू नका. वाळवीपासून दूर, कोरड्या जागी ठेवा. प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून दोन ठिकाणी जपा. मोडीत किंवा पुसट शाईत असलेली पाने जाणकाराकडून वाचून घ्या. आणि यंदाच्या सभेचे इतिवृत्तही नीट लिहा : कोण हजर होते, कोण विरोधात बोलले, काय ठरले आणि काय ठरले नाही. भोकरसारख्या गावात अजून ज्यांची प्रार्थना कुणाच्या तरी घराच्या पुढच्या खोलीत भरते, त्यांनी तर पहिल्या बैठकीपासूनच वही घालावी. शंभर वर्षांनी कुणी त्यांचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला त्यांच्याविषयी दुसऱ्यांनी लिहिलेल्या अहवालांवर विसंबावे लागू नये.

भोकर, जि. नांदेड